गाडी कोण चालवत होतं

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर काल पानांचा पिंजरा आला. दर ऑक्टोबरात गेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, ट्रक येतो आणि जाळीचे हे माणसाएवढे पिंजरे झाडांखाली ठेवून जातो. आपापल्या दारासमोरची पानं झाडून लोकांनी त्यात टाकायची. समोरच्या घरातल्या बाई सकाळीच खराटा घेऊन बाहेर आल्या होत्या. ओल्या पानांवरून खराटा फिरतो तेव्हा मोठा आवाज होत नाही. कोणीतरी खूप वेळ 'श्श' म्हणत राहावं, तसं वाटतं.

मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी होते. ऑफिसला उशीर होत होता, पण पाय निघत नव्हता. गेली तीन वर्षं हे असंच होतं.

बाकीच्यांना हा ऋतू आवडतो. ऑफिसातले लोक शनिवारी-रविवारी जंगलात जातात, झाडाखालच्या कुत्र्याच्या छत्र्यांचे फोटो काढतात, सोमवारी एकमेकांना दाखवतात. मलाही रंग दिसतात. ओकची पानं आधी हळदीसारखी होतात, मग तपकिरी, आणि पाऊस पडून रस्त्याला चिकटली की चिंचेच्या कोळासारखी काळपट आणि बुळबुळीत. मला भीती वाटते ती या शेवटच्या रंगाची. सायकलवर असले की अशी पानं दिसताच मी उतरते आणि चालायला लागते. मागून येणारे लोक न बोलता वळसा घालून पुढे जातात. इथे कोणी कोणाला मागून हाक मारत नाही. कोणी हॉर्न देत नाही.

मी या देशात, हॉलंडला, आले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते हेच. विमानतळावरून बसने वाखनिंगनला जाताना वाटलं, आपले कान बसलेत. रस्ता गाड्यांनी भरलेला आणि आवाज फक्त टायरचा. पुढची दोन वर्षं तिथल्या विद्यापीठात पिकांच्या रोगांवर शिकले आणि त्या शांततेची सवय झाली. म्हणजे मला तसं वाटलं होतं.

बाबा आले ते तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. एकटेच. दादाचं बाळ तीन महिन्यांचं होतं, त्यामुळे आईला सांगलीतून हलता येत नव्हतं. मी तेव्हा नुकतीच आइंडहोवनला लागून असलेल्या फेल्डहोवनला, एका घराच्या माडीवरच्या खोलीत राहायला आले होते. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला एक वर्ष मिळतं, त्यातले अकरा महिने उलटून गेले होते. सत्तरेक ठिकाणी अर्ज केल्यावर एका छोट्या कंपनीने हो म्हटलं होतं. पिकांच्या फोटोंवरून रोग ओळखणारं सॉफ्टवेअर ते बनवतात. त्यांनी इथे राहून काम करायच्या माझ्या परवान्याचे कागद इमिग्रेशनच्या ऑफिसात दिले होते आणि उत्तर यायचं होतं. त्या कागदांत एक पान असं होतं, ज्यावर मी सही करून लिहून दिलं होतं की माझ्या हातून कुठलाही गुन्हा झालेला नाही. सही करताना मला जरा हसूच आलं होतं. मी वर्गात कधी कोणाची पेन्सिलसुद्धा न विचारता घेतली नव्हती.

बाबांबद्दल सांगायचं तर आधी गाडीबद्दल सांगावं लागेल. ते शेतीच्या पंपांच्या कंपनीत विक्रीला होते. जत, आटपाडी, मंगळवेढा, सांगोला, सगळीकडे तीस वर्षं स्वतः गाडी चालवत फिरले. गाडीला कधी ओरखडा नाही. हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की ते वाक्य न राहता भिंतीवरच्या फोटोसारखं झालंय. नातेवाईकांत कोणाला दवाखान्यात न्यायचं असो, लग्नाला नवरी न्यायची असो, 'अण्णांना बोलवा' असं म्हणत. बाबा फार बोलके नाहीत. कोणाला जवळ घेणं, पाठीवर हात ठेवणं त्यांना जमत नाही. ते न्यायला येतात. त्यांची माया म्हणजे स्टँडबाहेर दहा मिनिटं आधीच येऊन उभी राहिलेली गाडी.

मला गाडी त्यांनीच शिकवली, मिरजेच्या पुढच्या माळावर. त्यांचा पहिला धडा ब्रेकचा नव्हता, हॉर्नचा होता. "माणूस दिसला, हॉर्न. वळण आलं, हॉर्न. सायकल पुढं असली तर लांबूनच हलका. तो दचकायला नाही पाहिजे, त्याला कळायला पाहिजे. हॉर्न म्हणजे शिवी नाही, चिमे. हॉर्न म्हणजे, बाबा रे, मी आहे मागे, सांभाळून." मी अंगठ्याने पीप पीप करत माळभर फिरले होते. एका म्हशीनेसुद्धा रस्ता दिला होता, आणि बाबा म्हणाले होते, "बघ, तिला कळलं."

आल्यावर दोन दिवस बाबा माझ्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले. मी सायकलने कुठे कुठे जाते ते ऐकत होते. बसने फिरलो तर खिडकीतून बघण्याऐवजी ड्रायव्हरकडे बघत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "इथं गाडी भाड्यानं मिळत नाही का?"

आइंडहोवनच्या स्टेशनजवळ मिळाली. काउंटरवरच्या माणसाने बाबांचा भारतातला परवाना उलटसुलट करून पाहिला, बरोबरचा आंतरराष्ट्रीय परवानाही पाहिला, आणि मला विचारलं, तुमचंही नाव ड्रायव्हर म्हणून टाकू का? मी नको म्हटलं. इथला नियम असा आहे की राहायला आल्यावर पहिले सहा महिने आपला जुना परवाना चालतो, त्यानंतर चालत नाही. फिरायला आलेल्या माणसाला मात्र चालतो. मी बाबांना ते सांगितलं.

"म्हणजे राहणाऱ्याला बंदी आणि पाहुण्याला मोकळीक?" बाबा म्हणाले. "चांगलाय की तुमचा देश."

गाडी करड्या रंगाची होती, लहान. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरला हलकेच लाथ लावून बघितली आणि सवयीने उजवीकडचं दार उघडून आत बसले. समोर नुसता डॅशबोर्ड. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चोरीला गेलं वाटतं स्टिअरिंग." मला आठवतं, मी मोठ्याने हसले होते. त्या पार्किंगमध्ये माझं हसू घुमलं आणि मीच दचकले.

पुढचे तीन दिवस आम्ही त्या शहरात नुसते फिरलो. बघण्यासारखं काही फार नाही तिथे. शहराभोवती रिंगरोड आहे, आम्ही त्यावरून गोल गोल जायचो, मनात आलं की एखाद्या फाट्याने आत शिरायचो. जुन्या बल्बच्या कारखान्याच्या उंच पांढऱ्या इमारती, ज्यांत आता फ्लॅट आहेत. कालव्याच्या कडेची बोटघरं. शाळा सुटल्यावर सायकलींचा लोंढा. बाबा प्रत्येक सायकलवाल्याला थांबून हाताने 'या, या' करायचे, जेवायला बोलावल्यासारखं. पोरं हसून हात हलवायची. नकाशातली बाई वळायला सांगायची आणि बाबा तिच्याशी मराठीत बोलायचे. "वळतोय, वळतोय, बाई. जरा दम धरा." एकदा आम्ही चुकून बसच्या मार्गात शिरलो, तेव्हा मला म्हणाले, "हिला बंद कर, ही माझं नाव घालवणार."

"आणि हॉर्न नाहीत का यांच्या गाड्यांना?" त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"असतात. पण देत नाहीत. उद्धटपणा वाटतो त्यांना."

"मयताला चाललेत सगळे, असं वाटतं."

तरीही त्यांनी तीन दिवसांत एकदाही हॉर्न दिला नाही. नियम समजला की ते पाळायचे. हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. त्यांनी एकदाही दिला नाही.

मला त्या तीन दिवसांतलं उरलेलं सगळंही आठवतं, आणि आता त्याचा उपयोग नाही. काचेवर पडणारे ओकचे दाणे, टप टप. आईने दिलेल्या दाण्याच्या चटणीचा डबा मागच्या सीटवर. बाबांनी नाक्यावर थांबल्यावर गुडघ्यावर बोटांनी धरलेला ताल. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रस्ता सांगत होते आणि ते ऐकत होते. मी मनात म्हणत होते, माझे कागद झाले की मी इथलं लायसन्स काढेन आणि पुढच्या वेळी न्यायला मी जाईन. दहा मिनिटं आधी.

चौथा दिवस मंगळवार होता. सकाळचे अकरा. रात्री पाऊस पडून गेलेला. फेल्डहोवनमधल्या माझ्या घराजवळच बाबांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "मान धरलीय. तीन दिवस मी रस्ताच बघतोय. गाव कुठं बघितलं? तू चालव जरा."

"बाबा, मला चालवता येत नाही इथे. सांगितलं ना."

"चालवायला मी शिकवलंय तुला. पाच मिनिटं. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मला बघू दे तरी, विसरलीस का."

मी नाही म्हणू शकले असते. मी आयुष्यभर सगळ्यांना, सगळ्याला, मनातल्या मनात नाही म्हणत आलेय. त्या दिवशी मात्र मला चालवायचीच होती. त्यांनी बघावं असं वाटत होतं. आम्ही जागा बदलल्या. ते उजवीकडे बसले, काच खाली केली, कोपर बाहेर काढलं.

तो रस्ता लाल डांबराचा आहे. असे रस्ते मुख्यतः सायकलींसाठी असतात. सुरुवातीलाच एक पाटी असते, तिच्यावर सायकल आणि मागे गाडीचं चित्र, आणि खाली लिहिलेलं असतं: इथे गाडी पाहुणी आहे. मी ती बाबांना वाचून दाखवली. त्यांना फार आवडली. "पाहुणी," ते म्हणाले. "वा."

पुढे एक आजी सायकलवरून चालल्या होत्या. निळा रेनकोट, मागच्या पिशवीतून कांद्याच्या पातीसारखी कसलीतरी लांब भाजी बाहेर आलेली. त्या रस्त्याच्या मधून जात होत्या, आणि तो त्यांचा हक्कच होता. मी बरीच मागे, अगदी हळू. मला पुढे जायचंही नव्हतं. घाई नव्हती. रागही नव्हता. मी फक्त त्यांना कळावं म्हणून, दचकू नये म्हणून, लांबूनच, हलका, अंगठ्याने हॉर्न दाबला. पीप.

मी हे किती वेळा आठवलंय. मेंदूने काही ठरवलं नव्हतं. त्या क्षणी मी वीस-बावीस वर्षांची, मिरजेच्या माळावर होते. पुढे म्हैस होती.

आजी दचकल्या. मागे बघायला वळल्या आणि पुढचं चाक पानांवरून सरकलं. त्या उजव्या बाजूला पडल्या. गाडी त्यांच्यापासून बरीच लांब थांबली होती. आवाज झाला तो सायकलीचा. त्यांचा आवाज नंतर आला, आणि तो मी लिहिणार नाही.

आम्ही दोघं धावलो. मी ओल्या रस्त्यावर बसून त्यांचा हात धरला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता, तरी त्या मलाच म्हणत होत्या, काही नाही, मुली, काही नाही. समोरच्या घरातल्या माणसाने फोन केला. ॲम्ब्युलन्स आली, आणि तिच्या मागोमाग पोलिसांची गाडी. पोलिसांत एक तरुण बाई होती, माझ्याच वयाची असेल. तिने इंग्रजीत विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

मी तोंड उघडलं होतं. एवढं मी स्वतःबद्दल सांगू शकते. तोंड उघडलं होतं.

"मी, मॅडम," बाबा इंग्रजीत म्हणाले. त्यांचा विक्रीचा आवाज, स्वच्छ, थोडा मोठा. "मी चालवत होतो. हॉर्न माझ्याकडून गेला. आमच्याकडची सवय. माझी चूक आहे."

तिने लिहून घेतलं. बाबांचा परवाना तपासून परत दिला. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही शेजारी बसला होतात?"

शाळेत इंग्रजीत उत्तर आलं नाही की मी मान हलवायची. घरी मराठीत शब्द सापडला नाही की मान हलवायची. पाहुण्यांसमोर, शिक्षकांसमोर, मुलाखतींत. एवढी एकच गोष्ट मला सगळ्या भाषांत सारखी येते. मी मान हलवली, हो म्हणून.

त्यांनी बाबांना नळीत फुंकायला लावलं. अपघात झाला की दारू तपासतातच. आयुष्यात कधी बिअरसुद्धा न घेतलेला माणूस भर रस्त्यात, ॲम्ब्युलन्सच्या निळ्या दिव्यात उभा राहून विचारत होता, "जोरात फुंकू का हळू?" पोलीसबाई हसली. चांगली होती ती. तिने बाबांना समजावून सांगितलं की इथे हॉर्न फक्त धोका असेल तेव्हाच द्यायचा. बाबा शाळेतल्या मुलासारखे "येस मॅडम" म्हणत राहिले. खिडक्यांतून लोक बघत होते. सासष्ट वर्षांचे बाबा, स्वेटरवर स्वेटर घातलेले, हात मागे बांधून.

नंतर गाडी त्यांनाच चालवावी लागली, तसं सांगितलं होतं ना. रस्ता संपल्यावर मी विचारलं.

"बाबा, असं का सांगितलंत?"

"तुझे कागद आत आहेत ना, त्या ऑफिसात?"

"हो."

"मग झालं. मी तर शुक्रवारी जाणार. मला काय करतायत?"

"पण खोटं—"

"आजी पडल्या त्या पडल्याच. गाडी तू चालव नाहीतर मी." मग थोड्या वेळाने, "आणि हॉर्न तुला शिकवला कोणी? म्हणजे माझाच झाला की तो."

त्यांनी हे हिशेब मिटवल्यासारखं म्हटलं, आणि मी तो मिटू दिला. मला हलकं वाटलं. ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नाही. त्या क्षणी मला हलकं वाटलं होतं.

गुरुवारी बाबांच्या हट्टाने आम्ही फुलं घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलो. आजींचा खुबा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं, घरच्यांशिवाय कोणाला आत सोडत नव्हते. बाबांनी फुलं काउंटरवर ठेवली आणि तिथल्या मुलीला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. शुक्रवारी ते परत गेले. नोव्हेंबरात माझा राहण्याचा परवाना आला. बाबांनी सांगलीत कॉलनीभर पेढे वाटले. डिसेंबरात बाबांच्या नावाने पोलिसांचं पत्र आलं की पुढे काही कारवाई नाही. सगळं सुरळीत झालं. बाहेरून बघणाऱ्याला यात दुःख कुठे आहे ते दाखवतासुद्धा येणार नाही.

वसंत ऋतूत मी आजींना एक कार्ड पाठवलं, बाबांच्या वतीने. होय, बाबांच्या वतीने. त्यांचं उत्तर आलं, थरथरत्या अक्षरात. तुमच्या वडिलांना सांगा, मी रागावलेली नाही. फुलं सुंदर होती. सायकल मी आता चालवत नाही, नातीला देऊन टाकली. मी ते बाबांना फोनवर वाचून दाखवलं आणि शेवटचं वाक्य गाळलं. "बऱ्या आहेत म्हणे," असं सांगितलं. "वा," बाबा म्हणाले. "मोठ्या मनाची बाई."

सांगलीत ती गोष्ट बाबांची झाली होती. आधी घरात, मग कॉलनीत. सकाळी फिरायला जाणारे त्यांचे मित्र म्हणायचे, "काय अण्णा, हॉलंडला जाऊन म्हातारी पाडली म्हणे! इथं काय कमी होत्या?" बाबा हसायचे. दादाने पहिल्यांदा म्हटलं, बाबा, आता हायवेला नको. मग म्हटलं, संध्याकाळी नको. मग, बाळ गाडीत असताना नको. बाबा प्रत्येक वेळी 'बरं' म्हणाले. गेल्या वर्षी त्यांनी आपली पांढरी गाडी विकली. ती विकत घेणाऱ्यालाही बाबांनी म्हणे सांगितलं, ओरखडा नाही बघा. आता ते रिक्षाने जातात, नाहीतर दादाला वेळ असेल तेव्हा त्याच्या गाडीत, मागे बसून. आई म्हणते, हल्ली कुठे येतच नाहीत. कोणाला आणायला स्टँडवर जायचं असलं की उठून उभे राहतात आणि मग पुन्हा बसतात.

आणि मी? मी ठीक आहे. कामाला जाते. डच बऱ्यापैकी येतं. इथलं लायसन्स काही काढलं नाही. त्या लाल रस्त्यावरून रोज जाते, दुसरा रस्ता लांब पडतो. आजी अजून तिथेच राहतात का, मला माहीत नाही. पण निळ्या रेनकोटातली कोणी चालताना दिसली की मी मान खाली घालते. एवढ्या लोकांना न दुखवता जगता यावं म्हणून मी लहानपणापासून गप्प राहत आले. दोन माणसांची चाकं थांबली, एकाची माझ्या हॉर्नने, दुसऱ्याची माझ्या गप्प राहण्याने.

परवाच्या रविवारी व्हिडिओ कॉल होता. बाबांच्या परवान्याची मुदत संपतेय, नवीन करायचा तर डॉक्टरचा दाखला लागतो, त्यावरून बोलणं चाललं होतं. दादा म्हणाला, "करायचाच नाही असं ठरवलंय. उगाच हातात असला की मोह होतो. होय ना बाबा?" बाबा मागे पाटावर बसून सीताफळ खात होते. बिया एकेक करून वाटीत टाकत होते. "बरं," म्हणाले.

त्या 'बरं'ने काय झालं मला सांगता येत नाही. मी म्हणाले, "दादा, गाडी मी चालवत होते."

"कुठली?"

"तेव्हाची. इथली. हॉर्न मी दिला. बाबा शेजारी बसले होते."

पडद्यावर सगळे थांबले. वाटलं, नेट गेलं. मग दादा हसायला लागला. प्रेमाने हसला, हे सगळ्यात वाईट. "अगं गप गं. बाबांची बाजू घ्यायची म्हणून आता काहीही सांगणार का?"

"खरं सांगतेय."

"बघा," आई डोळ्यांना पदर लावत म्हणाली. "तिकडं एकटी बसून किती विचार करते पोर. अहो, बघा तुमची लेक."

"आई, माझं ऐक तरी. मला परवानगी नव्हती चालवायची. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी बोलले नाही."

दादाचं हसू कमी झालं. तो कॅमेऱ्याजवळ आला. "म्हणजे तू तिथं उभी होतीस आणि बाबांना पुढं केलंस? पोलिसांसमोर? आणि तीन वर्षं आम्ही बाबांना बोलतोय ते ऐकत बसलीस?"  माझ्याकडे बघत राहिला. मग मान झटकून म्हणाला, "छट्. तू तशी नाहीस. तुला ओळखत नाही का मी?"

त्याला उत्तर एकच होतं आणि ते चार शब्दांचं होतं: होय, मी तशीच आहे. ते माझ्या तोंडून निघेना. मी बाबांकडे बघितलं. "बाबा, तुम्ही सांगा ना."

बाबांनी वाटी खाली ठेवली. हात पुसले, सावकाश, एकेक बोट. मग स्क्रीनकडे बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या थोडं खाली कुठेतरी.

"गाडी मीच चालवत होतो," ते म्हणाले.

"झालं?" दादा म्हणाला. "आता बास."

मी तेव्हापासून विचार करतेय. त्या मंगळवारी ते माझ्या कागदांसाठी बोलले होते, ते मला कळलं होतं. परवा कागदांचा प्रश्न नव्हता. पोलीस नव्हते. परवा त्यांनी मला वाचवलं नाही, स्वतःला वाचवलं. गाडी गेलेली त्यांना चालली. परवाना गेलेला चालेल, लोक हसलेले चालतील, मागच्या सीटवर बसणं चालेल. दादाने जे विचारलं, तशी त्यांची मुलगी आहे, हे त्यांना चालणार नाही. तीस वर्षांच्या बदल्यात त्यांनी एवढंच ठेवून घेतलंय, आणि ते मी त्यांच्याकडून काढून घ्यायला निघाले होते, खरं बोलण्याच्या नावाखाली.

पडद्यावर आई डोळे पुसून सावरली होती. "तिकडं किती वाजले गं आत्ता?" तिने विचारलं.

"साडेबारा," मी म्हणाले.

ते सगळ्यांना लगेच पटलं.